लाल लुगडं उतरेपर्यंत

मी जहाजावर नोकरी करतो हे आमच्या अकोटात सांगायची सोय नाही. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की ऐकणाऱ्याला वाटतं मी थापा मारतोय. एकदा अमरावतीहून एस.टी.ने येताना शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमी करता काय?" मी म्हटलं, जहाजावर इंजिनिअर आहे. "मालाच्या?" नाही म्हटलं, प्रवाशांच्या. लोक त्यावर आठ-आठ दिवस राहतात, खातात, पोहतात, या बंदरातून त्या बंदरात हिंडतात, आणि मी तळाशी इंजिनं सांभाळतो. गृहस्थ अंजनगावपर्यंत विचार करत होते. उतरताना म्हणाले, "म्हंजे हॉटेलातच हाय तुमी." मला राग आला, पण त्यांचं काही फारसं चुकलं नव्हतं.

घरात मात्र माझा धंदा पुरता समजणारा एक माणूस आहे, आणि त्याने आजवर समुद्र पाहिलेला नाही. ते म्हणजे बाबा. बाबा तीसेक वर्षं जिनिंगला लागून असलेल्या सरकीच्या तेलमिलमध्ये बॉयलरवर होते. भट्टीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, आणि लाकूड टाकायचं, वाफेचा दाब राखायचा आणि सगळ्याची नोंद रजिस्टरात करायची, हे त्यांचं काम. घर मिलच्या मागेच. पाळी संपवून आले की ओट्यावर बसायचे आणि तोंड वर करून चिमणीकडे बघायचे. धूर काळा निघाला तर म्हणायचे, "हवा कमी पडून राहिली." पांढरा निघाला तर, "हवा जास्त झाली, लाकडं वाया." पुढच्या पाळीच्या माणसाला दोन शिव्या हासडायचे. धूर पातळ, दिसेल न दिसेल असा निघाला की मगच आईकडे चहा मागायचे. आमचा चहा किती वाजता होणार हे त्या चिमणीवर ठरायचं.

आमच्या वस्तीत एक पद्धत होती. ती बाबांनीच पाडली, आणि ती कशी पडली हे सांगितल्याशिवाय माझी पुढची गोष्ट कळणार नाही.

मी तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी आलो होतो. उन्हाळा रणरणत होता. गल्लीतल्या यच्चयावत गच्च्यांवर कुरडया वाळत होत्या. कुरडई म्हणजे गंमत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हाताचे तुकडे पडेपर्यंत घोटायचा आणि ऊन चढायच्या आत साच्यातून घालायचा. त्या दिवशी दुपारी मिलच्या बाजूने काजळीचा एक लोट आला आणि पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर बसला. तासाभरात गल्लीतल्या दहा-बारा बाया परातींत काळ्या कुरडया घेऊन मिलच्या गेटवर गेल्या. त्यात आमची आईही होती. आपल्याच नवऱ्याच्या मिलवर मोर्चा नेणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

बॉयलरच्या नळ्यांत काजळी साचते. वाफेचा झोत सोडून ती रोज एकदा झाडावी लागते, आणि झाडली की सगळी चिमणीतून बाहेर. नियम असा होता, की हे काम सकाळी लवकर उरकायचं. मॅनेजरने रजिस्टर मागवलं आणि बायांना वाचून दाखवलं: काजळी झाडली, सकाळी सात. सात वाजता एकीचीही कुरडई गच्चीवर आलेली नव्हती. "वीटभट्टीचा धूर असेल," मॅनेजर म्हणाला. कागदापुढे काय बोलणार? बाया परत आल्या.

संध्याकाळी बाबा घरी आले. त्यांनी आईला त्याच काळ्या कुरडया तळायला सांगितल्या आणि पाटावर बसून चार खाल्ल्या. दाताखाली कचकच वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरोघर गेले आणि सांगून आले, की ज्या दिवशी वाळवण घालाल त्या दिवशी आमच्या घरी कळवा. आमची गच्ची बॉयलरच्या दारातून सरळ दिसायची. तिथे दोरीवर लाल लुगडं दिसलं तर ते उतरेपर्यंत काजळी झाडायची नाही, की ओली पऱ्हाटी भट्टीत घालायची नाही. आईकडे त्यांनी एखादं जुनेर मागितलं. आईने ट्रंकेतून चांगलं कोरं लाल लुगडं काढून दिलं. याचं मला नवल वाटलं, कारण आई जुनी चिंधीसुद्धा सहज सोडणारी नव्हे.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तसंच चाललं. बदली पाळीच्या माणसालाही बाबांनी बांधून घेतलं. मॅनेजरला पत्ता नव्हता. आई दिवसभर उन्हात गल्लीतल्या गच्च्यांकडे लक्ष ठेवायची आणि शेवटची परात खाली गेली की लुगडं उतरवायची. मग पाचेक मिनिटांत चिमणी एकदा खाकरायची. बायांनी बाबांना डोक्यावर घेतलं. दरवर्षी घराघरांतून आमच्याकडे कुरडया यायच्या, त्याही निवडक. वीटभट्टीचा दोष या माणसाने आपल्या अंगावर घेतला म्हणून गल्ली बाबांना मानायची, आणि मीही. नोकरीच्या मुलाखतीत मला कुणी विचारलं, की हे क्षेत्र का निवडलं, तर मी ही गोष्ट सांगायचो.

जहाजावर गेल्यावर मला तेच लुगडं वेगळ्या रूपात भेटलं. मोठी जहाजं जे तेल जाळतात ते डांबराचं सख्खं भावंड असतं. तापवल्याशिवाय ते वाहत नाही, आणि त्यात गंधक फार. आमचं जहाज त्या वर्षी युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रात फिरत होतं. तिथे नकाशावर किनाऱ्यापासून काही अंतरावर एक रेघ मारलेली आहे. रेघेच्या आत आलात, की जड तेल बंद आणि गंधक नसल्यातच जमा असलेलं हलकं तेल सुरू. कारण साधं आहे. प्रवाशांचं जहाज अगदी गावाला खेटून उभं राहतं, आणि त्याचा धूर गावाच्या नाकात जातो. बंदरावर तपासणारे येतात, नमुना घेतात आणि तेल कधी बदललं याची वेळ वहीत बघतात. तेल बदलायला आमच्या जहाजावर दोन तास लागत. घाई चालत नाही, कारण गरम तेलाच्या जागी गार तेल एकदम आलं की पंप जाम होतात आणि हजारो माणसांसकट जहाज जागीच बसतं.

हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ते खूष झाले.

"म्हंजे तुमचं लुगडं नकाशावर हाय," ते म्हणाले. मग लगेच, "आन् रेघेच्या बाहीर? तिथं काहून चालते काळा धूर?"

"तिथे कोणी राहत नाही, बाबा."

"मासे नाई राहत का?"

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की काही जहाजांवर धूर पाण्याने धुवायचं यंत्रही असतं.

"धूर धुता? मंग ते पानी कुठं टाकता?"

"बरंचसं समुद्रातच."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मागून आई ओरडली, "तेथं बसून पोराची परीक्षा काहून घेऊन राहिले?" ठसका थांबल्यावर बाबा म्हणाले, "आमचंबी अर्धंच होतं, बाबू. लुगडं उतरलं की आमी धूर सोडतच होतो. पन कुरडई वाचत होती ना. तू तुई रेघ पाळ." त्या दिवसापासून माझ्या खिशातल्या डायरीत मी रेघेच्या वेळेपुढे 'लुगडं' असंच लिहायला लागलो. आमच्या फिलिपिनो सहकाऱ्याला वाटायचं हा बंदराचा कोड आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो. ही चूक जगातला दुसरा कुठला दर्यावर्दी करेल असं मला वाटत नाही. पहिल्यांदा जहाजावर निघालो तेव्हा बाबांनी बडनेरा स्टेशनवर आपलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं होतं. "हे बदलवू नको," म्हणाले. "याच्यात अकोटचा टाइम राहू दे." मी ते कधी बदललं नाही. जहाज जगात कुठेही असो, मनगटावर अकोट. आई आता दळण आणायला गेली असेल, बाबा ओट्यावर आले असतील, असं इंजिनांच्या धडधडीत बघायला मला बरं वाटायचं. जहाजाची वेळ हवी असेल तर तितके तास वजा करायचे, एवढंच.

त्या महिन्यात साडेचार तास वजा करावे लागत होते. मग आम्ही पूर्वेकडे वळलो आणि झोपेच्या वेळात जहाजाची घड्याळं एक तास पुढे केली गेली. आता फरक साडेतीनचा. ही सूचना मी वाचली होती. खोलीतला फोन आपोआप बदलला, म्हणून दुपारी बारा वाजता ड्यूटीवरही वेळेत हजर झालो. पण फोन खाली इंजिनांपाशी नेत नाहीत, आणि मनगटावरच्या अकोटला जहाजाच्या पूर्वेकडे जाण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

रेघ तीन वाजता लागणार होती. म्हणजे एक वाजता तेल बदलायला घ्यायचं. मी खाली पंपांपाशी होतो. सवयीने मनगटाकडे पाहिलं. साडेपाच. आई आता कुरडया उचलत असेल, मी मनात म्हटलं. साडेपाचातून साडेचार गेले, राहिला एक. अगदी वेळेवर! मी स्वतःवर खूष होऊन तेल तापवणारी वाफ कमी केली, झडपा फिरवायला घेतल्या आणि ब्रिजवर फोन लावला, जिथून जहाज हाकतात. म्हटलं, बदल सुरू केलाय.

पलीकडच्या अधिकाऱ्याने बहुधा आधी घड्याळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आत्ता? दोन वाजलेत."

साडेचार नाही, साडेतीन वजा करायचे होते. रेघ एका तासावर, काम दोन तासांचं. घाई करावी तर पंप जाम. न करावी तर गावाच्या दिशेने तासभर काळा धूर. तो अधिकारी चांगला मुलगा होता. तो म्हणाला, "मी अजून काही लिहिलेलं नाही. एक वाजता सुरू केलं असं लिहू का? तूही तसंच लिही. समुद्र शांत आहे, कोणी बघत नाहीये."

त्याचं म्हणणं मला पटलं होतं, हे मी कबूल करतो. चांगलंच पटलं होतं. माझ्या बढतीची शिफारस चीफच्या टेबलावर पडून होती. चीफ म्हणजे आमच्या इंजिनखात्याचा प्रमुख, आणि आठवड्याभरात तो सही करणार होता. बाबांनी ही बातमी अर्ध्या अकोटला आधीच सांगून ठेवली होती. आईने पेढ्यांचा विषय काढला होता. आणि हे सगळं वहीतल्या एका आकड्यावर येऊन थांबलं होतं. एक की दोन, एवढंच लिहायचं होतं.

पेन मी हातात घेतलं होतं. वहीवर टेकवलंही. तेव्हा मला बाकी काही नाही, त्या गेटवरच्या बाया आठवल्या. हातात परात घेऊन उभी असलेली माझी आई आठवली. रजिस्टरात सात लिहिलंय म्हटल्यावर तिचा चेहरा कसा झाला असेल ते दिसलं. आमच्या रेघेच्या आतल्या गावातही कोणी काहीतरी वाळत घातलं असेलच. मी पोरासोरासारखा घाबरलो होतो, तरी पेन खाली ठेवलं आणि फोनवर सांगितलं, "दोन लिही. चूक माझी आहे. मी चीफला उठवतो."

चीफ वामकुक्षीतून स्लिपर घालूनच खाली आला. मी सगळं सांगितलं, घड्याळासकट. त्याने माझं मनगट हातात धरून ते घड्याळ बराच वेळ पाहिलं. "हा कुठला वेळ आहे?" त्याने विचारलं. मी अकोट म्हटलं. "हे बंदर आहे?" नाही म्हटलं, तेलमिल आहे. त्याने कॅप्टनला फोन केला, कॅप्टनचा आरडाओरडा रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकला, आणि जहाजाचा वेग कमी झाला. तासभर आम्ही रेघेबाहेर रेंगाळलो. चार वाजता हलक्या तेलावर आत शिरलो. वर डेकवर लोकांना आईस्क्रीम वाटलं म्हणे. बंदरावर त्यांच्या सहलीच्या बसगाड्या तासभर खोळंबल्या. तपासणारे आले, त्यांनी वही पाहिली, नमुना घेतला आणि निघून गेले.

चीफने संध्याकाळी मला बोलावलं. शिफारशीचं पत्र त्याने माझ्यासमोर खणात टाकलं. "पुढच्या वेळी," म्हणाला. "घड्याळाचं काहीतरी कर." मला रडू आलं नाही, पण येईल असं वाटत होतं. खोलीत येऊन मी गाढ झोपलो, ते मात्र खरं. घड्याळ मी बदललं नाही. उजव्या हातात जहाजाच्या वेळेचं दुसरं बांधलं. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधणारा माणूस म्हणून जहाजावर माझी चेष्टा व्हायची, ती मी आनंदाने सोसली.

घरी काहीच सांगितलं नाही. फोनवर बढतीचं विचारलं की, होईल, कागद चाललेत, असं म्हणायचो. परवाच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो. अमरावतीला दोन दिवस थांबून अकोटला गेलो. मिल बंद पडून काही वर्षं झाली आहेत. चिमणी उभी आहे, तिच्यावर पोपट बसतात. आईने त्या दिवशी कुरडया घातल्या होत्या आणि दोरीवर तेच लाल लुगडं टाकलं होतं. आता त्याचा रंग विटून गुलाबी झालाय. "आता कोणाले दाखवते?" मी विचारलं. "सवय हाय," आई म्हणाली.

संध्याकाळी मी आणि बाबा गच्चीवर खाटेवर बसलो होतो. बाबांनी सरळच विचारलं, "प्रमोशन काहून नाई झालं? खरं सांग."

मग मी सांगितलं. घड्याळ, वजाबाकी, एक आणि दोन, परात, सगळं. शेवटी म्हटलं, "तुमचं लुगडं आठवलं, बाबा. म्हणून खोटं लिहवलं नाही." मला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवतील. निदान हसतील.

बाबा चिमणीकडे बघत बसले.

"बाबू," ते म्हणाले, "त्या रजिस्टरात सात मीच लिवले होते. सकाळी वाफ चढली नाई, काजळी झाडनं जमलं नाई. तरी सात लिवून टाकले, नियमात बसाले पायजे म्हनून. मंग झाडली साडेअकराले. वीटभट्टी-फिटभट्टी काई नाई. बाया गेटवर आल्या, मॅनेजरनं सात वाचून दाखवले, मी बाजूलेच उभा होतो. तुई माय परात घेऊन समोर. मी तोंड उघडलं नाई. इतके वर्स त्या बायायच्या कुरडया खाल्ल्या मी. लोक देव म्हनत गेले. लुगडं लावलं ते त्याच्यापाई. तुले वाटते तसं नाई ते."

एवढी वर्षं ही गोष्ट मी जगभर सांगत फिरलो होतो. पण मला बाबांचा राग आला नाही. उलट ते कधी नव्हे इतके जवळचे वाटले. पेन हातात घेतल्यावर काय होतं, हे घरात आता दोघांना माहीत होतं.

आई कुरडया उचलत होती. शेवटची परात तिने जिन्यापाशी नेऊन ठेवली आणि दोरीवरचं लुगडं ओढून काढलं.

"साडेअकरा नाई," ती म्हणाली. "पावनेबारा वाजले होते."

बाबांनी मान वळवली.

"मी वरच होती तवा. धूर माया डोक्यावरून गेला. गेटवर मॅनेजरनं सात वाचले तवा मी तुमच्या तोंडाकडे पायलं, मले समजलं."

"मंग बोलली काहून नाई?" बाबांनी विचारलं.

"तुमी बोलता का पाहत होती. घरी येऊन तुमी काळ्या कुरडया खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी लुगडं मांगतलं. तेच बोलनं झालं." मग ती जरा चिडूनच म्हणाली, "म्हनून तर कोरं लुगडं देलं. जुनेर तुमाले दुरून दिसलं नसतं. आता बसून काय राहिले? नऊवार हाय, एकटीनं घडी होते का?"

बाबा उठले. त्यांनी डोळे पुसले आणि लुगड्याचं दुसरं टोक धरलं.